इकडं बघा

रात्री अकरा सव्वीसला त्यानं लिहिलं.
अकरा सदतीसला तो मंडळाच्या ग्रुपवर नव्हता.
मधली अकरा मिनिटं मी कढई घासत होते,
फोन पिठाच्या डब्यावर, पालथा.

म्हणजे माझ्याबद्दल जे लिहिलं
ते दोनशे चौदा जणांनी वाचलं,
मी सोडून.
माझ्या वाट्याला एक राखाडी ओळ,
संदेश काढून टाकल्याची,
आणि खाली आण्णासो चिले, हात जोडून :
'ताई, पोरगं काढलं. विषय संपला. मनाला लावून घेऊ नका.'

काय लावून घेऊ नको, तेवढं तरी कळू दे.

शेजारच्या शैनाजनं सांगितलं, अर्धं.
उरलेलं तिच्या जिभेवर येईना.
दूध मात्र उतू गेलं.

त्या दुपारी मी रेषेवर होते, उजव्या अंगाला.
त्रेसष्टाव्या मिनिटाचा गोल मी ऑफसाइड दिला.
अर्धं पाऊल पुढं होता. अर्धंच.
गॅलरीतून पाण्याच्या पिशव्या आल्या, एक चप्पल आली,
कापशीची होती, चांगली करकरीत.
ते चालतं. ते मैदानात राहतं.
हे घरात आलं.

सोमवारी तालमीत गेले.
बाईनं उंबऱ्याशी थांबायचं, थांबले.
आतून तांबड्या मातीचा वास, तेलाचा.
म्हटलं, धैर्यशीलला बोलवा.
'आता कशाला? तुमच्याच बाजूनं केलं न्हवं आम्ही?'

म्हटलं, आण्णा,
गेल्या महिन्यात तुमच्या हाफबॅकनं कोपर मारलं,
समोरच्याचं नाक फुटलं, सगळ्या पेठेनं बघितलं.
तरी रेफरी पळत आला,
शिट्टी मारली,
त्याला समोर उभा केला,
पाठीवरचा नंबर लिहिला, मिनिट लिहिलं,
कशाबद्दल तेही लिहिलं,
मगच खिशात हात घातला.
किती सामने बाहेर, ते कागदावर आलं.
कागदावर दाद मागायचा पत्ताही होता.
माझा झेंडा वर जातो तो निकाल नसतो ओ.
तो एवढंच म्हणतो, इकडं बघा.
तुम्ही बघितलं नाही.
दिवा मालवला आणि म्हणालात, अंधार झाला, मिटलं.

आला तो. शिरोलीच्या फाउंड्रीतनं, दुसरी पाळी टाकून,
भुवयांवर काळी वाळू तशीच.
'तू लिहिलंस?'
'लिवलं.'
'वाच.'
फोनमध्ये फोटो होता कुणाच्या तरी. कुणाच्या तरी असतोच.
पहिल्या ओळीला त्याचा आवाज नीट होता.
दुसरीत एक शब्द आला, माझ्या आईपर्यंत जाणारा,
तिथं तो थांबला.
मी म्हटलं, पुढं.
वाचला.
तालमीत पंखा फिरत होता, तेवढाच.

मग तो म्हणाला, मान खालीच,
'माझं चुकलं. पण खाली सात जण हसल्यात.
त्यातला एक आण्णांचा पुतण्या.
ते अजून ग्रुपवर हाईत.'

आण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

दोन तास लागले.
चहा दोनदा आला, दुसऱ्यांदा थंड.
ठरलं : चार सामने मैदानात पाय नाही,
तीन महिने ग्रुप नाही,
मग अर्ज करायचा, तो सगळ्यांपुढं वाचायचा.
सात जणांना बोलवायचं, एकेकट्याला, पुतण्या पहिला.
आणि इथून पुढं कुणालाही काढायचं तर
आधी त्याला विचारायचं,
आणि जिच्याबद्दल लिहिलं तिलाही.

इतिवृत्ताची वही मंडळाकडं नव्हतीच.
वर्गणीच्या पावतीपुस्तकामागं लिहिलं, मीच,
माझं अक्षर बरं म्हणून.

माफ केलंस का, शैनाजनं विचारलं.
तो रकाना नव्हता त्यात.
त्याची सही वाकडी आली, आण्णांची मोठी,
माझी खाली कडेला, शाई संपता संपता.
पण तो शब्द मी पुरता लिहिला,
एकही फुली न मारता.